जाईचे अत्तर आणि व्हॅनिलाचा फवारा

मदर्स डे जवळ आला की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास निघतो. आईला शनेल नंबर ५ आवडते, पण खाऊच्या पैशांत ते बसत नाही. मग औषधांच्या दुकानातला व्हॅनिलाचा बॉडी स्प्रे दिला, तर तो नकली ठरेल का?

बालमित्रांनो, शनेल नंबर ५ हे १९२१ सालचे. अर्नेस्ट बो यांनी ते बनवले. त्यातली जाई दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावच्या परिसरातली. आपल्या चमेलीचीच जात! ही फुले सकाळी लवकर, हातानेच खुडावी लागतात. ऊन चढले की सुगंध उतरतो. एक किलो भरायला सुमारे आठ हजार फुले लागतात, आणि शेकडो किलो फुलांतून जेमतेम एक किलो अर्क निघतो. भारतातल्या आजीला गजऱ्यापुरती ओंजळभर फुले वेचायला किती वेळ लागतो, ते आईबाबांना विचारा. म्हणजे हिशेब कळेल. (सुंदर बाटली आणि जाहिराती यांचेही पैसे आपणच भरतो, ही गोष्ट वेगळी.)

खरा व्हॅनिला एका ऑर्किडच्या शेंगेतून येतो. तोही महागच. पण त्याच्या वासातला मुख्य घटक, व्हॅनिलिन, टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये प्रयोगशाळेत तयार केला. म्हणून आज गोड वास स्वस्तात मिळतो.

मग हा नकली का? आमच्या मते मुळीच नाही. शनेल नंबर ५ ज्यामुळे गाजले ती अल्डिहाइडे ही रसायनेसुद्धा कारखान्यातलीच! गेर्लँ यांच्या १९२५ च्या शालिमार या महागड्या अत्तरात तर एथिल व्हॅनिलिन आहे. नकली म्हणायचे ते दुसऱ्याचे नाव छापून विकलेल्या बाटलीला. ती मात्र घेऊ नका; आत काय भरले आहे ते कुणालाच ठाऊक नसते.

फरक आहे तो वेगळा. बॉडी स्प्रेमध्ये सुगंधी तेल थोडे आणि अल्कोहोल किंवा पाणी जास्त, म्हणून वास लवकर विरतो. शिवाय फुलांचे अत्तर तासातासाला रंग बदलते. व्हॅनिला पहिल्यापासून शेवटपर्यंत खिरीसारखा गोडच. काही आयांना त्याने डोके दुखते, तेव्हा आधी बाबांकडून कानोसा घ्यावा.

दुकानात मनगटावर फवारून अर्धा तास फिरून या. अल्कोहोल उडाले की खरा वास कळतो. आणि एका वेळी दोन-तीनच वास घ्या, पुढे नाक दमते.