पुढे पाठविण्यापूर्वी

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना टपालाने येणारी ती निनावी पोस्टकार्डे आठवत असतील. त्यांवर एखाद्या देवतेचा महिमा लिहिलेला असे आणि शेवटी तोच मजकूर ठरावीक लोकांना लिहून धाडण्याची आज्ञा असे. आज्ञा पाळणाऱ्याला धनलाभ झाला, कार्ड फाडणाऱ्याच्या घरी मृत्यू झाला, असे दाखलेही सोबत दिलेले असत. कॅथलिक कुटुंबेही यातून सुटली नाहीत. संत यूदाची नोव्हेना नऊ दिवस म्हणा व तिच्या नऊ प्रती रोज चर्चमध्ये ठेवा, असे सांगणारे कागद बाकांवर सापडत असत. संत यूदाची भक्ती आदरणीय आहे. परंतु ही अट ख्रिस्तसभेने घातलेली नाही. प्रार्थनेचा परिणाम केवळ बाह्य कृतीवर अवलंबून असतो असे मानणे म्हणजे अंधश्रद्धेत पडणे होय, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २१११ व्या परिच्छेदात सांगितले आहे. गणिताच्या दृष्टीनेही ही अट अशक्यच. प्रत्येकाने नऊ जणांना पत्र पाठविले तर नवव्या फेरीत ३८,७४,२०,४८९ पत्रे लागतील आणि दहाव्या फेरीत भारताच्या लोकसंख्येच्या दुपटीहून अधिक!

पोस्टकार्ड गेले, ई-मेल आला, मग व्हॉट्सअॅप आले. शापाची भीती दाखविणारी पत्रे आजही फिरतात. परंतु आता त्यांच्यापेक्षा अधिक फिरतात ती दयेला हात घालणारी पत्रे, आणि आम्हांला तीच अधिक धोकादायक वाटतात. शापाला हसणारा सुशिक्षित मनुष्यही आजारी बालकाचे छायाचित्र पाहून विरघळतो.

अशा संदेशांचे काही नमुने पाहू. अपघातात दगावलेल्या दांपत्याची चार मूत्रपिंडे उपलब्ध आहेत, गरजूंनी संपर्क साधावा, हा संदेश कित्येक वर्षे देशभर फिरत आहे. मृत दात्याचे मूत्रपिंड शरीराबाहेर साधारणपणे २४ ते ३६ तासच उपयोगात आणता येते. ते वर्षानुवर्षे कोणाची वाट पाहत राहू शकत नाही. शिवाय १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानंतर असे अवयव कोणाला द्यावयाचे हे नातलग ठरवीत नाहीत. महाराष्ट्रात विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या प्रतीक्षायादीनुसार ते ठरवितात. दुसरा संदेश चेन्नईच्या अड्यार कर्करोग संस्थेत रक्ताचा कर्करोग बरा करणारे औषध फुकट मिळते, असे सांगणारा. औषधाचे नाव त्यात मोडूनतोडून लिहिलेले असते. मुळातील औषध इमॅटिनिब; ते रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारावर गुणकारी आहे, सर्व प्रकारांवर नव्हे. संस्थेने इन्कार करूनही संदेश थांबला नाही. तिसरा संदेश समारंभात उरलेले अन्न नेण्यासाठी १०९८ या क्रमांकावर कळवा, असे सांगतो. हा क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झालेल्या, संकटातील मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा आहे. उरलेल्या पुलावासाठी कोणी ती वाहिनी अडवून ठेवतो तेव्हा मार खाणाऱ्या अथवा हरवलेल्या एखाद्या मुलाचा दूरध्वनी लागत नाही, याची कल्पना संदेश पाठविणाऱ्याला नसते.

ख्रिस्ती समाजासाठी तर वेगळेच संदेश घडविले जातात. ‘ओलिसाबांग’ प्रांतात वीस चर्च जाळली गेली, आज रात्री दोनशे जाळणार आहेत, भारतातील ख्रिस्तसभेसाठी प्रार्थना करा, असे सांगणारा एक संदेश गेली अनेक वर्षे जगभर फिरतो. परदेशातील भाविक तो कळकळीने पुढे पाठवितात आणि आपल्याकडीलही पाठवितात. भारतात ओलिसाबांग नावाचा प्रांत नाही, हे आपल्यापैकी कोणाच्या लक्षात कसे येत नाही? अशाच दुसऱ्या एका संदेशात अफगाणिस्तानात बावीस मिशनऱ्यांना उद्या देहदंड होणार असतो. तो ‘उद्या’ कधीच उजाडत नाही.

या संदेशांना सत्याचा थोडासा आधार असल्यासारखा वाटतो, हे आम्ही नाकारीत नाही. २००७ साली अफगाणिस्तानात कोरियातील २३ ख्रिस्ती स्वयंसेवकांचे अपहरण झाले होते व त्यांतील दोघे मारले गेले. २००८ साली ओरिसातील कंधमालमध्ये चर्च व घरे जळाली, माणसे मारली गेली, हजारो बेघर झाले. कंधमालच्या विधवेचे दुःख खरे आहे, तिचे गाव नकाशावर आहे. नसलेल्या प्रांतासाठी आपण प्रार्थना मागितली आणि ते उघडकीस आले की, पुढच्या वेळी खऱ्या छळाची बातमी सांगणाऱ्यावरही लोक विश्वास ठेवीत नाहीत.

मूळ आवाहन खरे असले तरी ते थांबविता येत नाही, हीही एक अडचण आहे. १९८९ साली ब्रिटनमधील क्रेग शेरगोल्ड या आजारी मुलासाठी शुभेच्छापत्रे मागविण्यात आली. पुढच्याच वर्षी विक्रम झाला, १९९१ साली शस्त्रक्रिया होऊन मुलगा बरा झाला, आणि कृपया आता पत्रे पाठवू नका अशी विनंती करण्यात आली. तरीही कोट्यवधी पत्रे येत राहिली. तो मुलगा प्रौढ होऊन २०२० साली निवर्तला.

येथवरच्या गोष्टींत फार तर वेळ, पैसा व विश्वास गेला. आपल्या महाराष्ट्रात प्राणही गेले आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात पसरलेले होते. मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे होते. खोट्या मुलांसाठी मोबाइलवर हळहळणाऱ्या समाजात दारी आलेले खरे याचक मारले गेले! त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन जाहीर केले. जे बंधन आपल्या विवेकाने घालावयास हवे होते ते कंपनीला घालावे लागले. त्याच वर्षीच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी खोट्या बातमीचे मूळ एदेन बागेतील सर्पाच्या बोलण्यात दाखविले होते.

संत पौलालाही ही अडचण ठाऊक होती. आपल्या नावाने आलेल्या पत्राने घाबरून जाऊ नका, असे त्याने थेस्सलनीकाकरांना कळविले आणि त्या पत्राच्या शेवटी स्वहस्ते नमस्कार लिहून हीच आपली खूण असल्याचे सांगितले. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना तर त्याने फारच काळजी घेतली. करिंथकरांनी स्वतः पसंत केलेल्या माणसांच्या हातीच ती पाठवावी असे त्याने ठरविले, आणि कोणी बोट ठेवू नये म्हणून तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेला बंधूही धाडला. १९८३ च्या धर्मसंहितेचे १२६५ वे कलम याच धाग्यातले आहे. धार्मिक कार्यासाठी कोणाही खाजगी व्यक्तीला स्वतःच्या व स्थानिक धर्माधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून देणग्या मागता येत नाहीत. तेव्हा अनाथाश्रमाच्या वा चर्चच्या बांधकामाच्या नावाने आवाहन आले तर परवानगीचे पत्र मागणे हा उद्धटपणा नव्हे.

मराठवाड्यातील मनुष्याला हे नवीन वाटू नये. बीड जिल्ह्यातील नारायणगड वारकऱ्यांमध्ये धाकटी पंढरी म्हणून ओळखला जातो. त्या परिसरात सप्ताहासाठी धान्य वा पैसा गोळा होतो तेव्हा मागणारा गावचाच असतो, पंगत सर्वांदेखत उठते. देणाऱ्याला विचारता येते आणि मागणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. मोबाइलवरील छायाचित्राला आपण काहीच विचारू शकत नाही, आणि तरीही त्याच्या खाली दिलेल्या खात्यात रक्कम भरतो.

रुग्णासाठी मदत मागणारा संदेश आला तर त्यातील क्रमांकावर नव्हे, रुग्णालयाच्या स्वतःच्या क्रमांकावर चौकशी करावी आणि रक्कम शक्यतो रुग्णालयाच्या खात्यात भरावी. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांना रुग्णाची खरी स्थिती ठाऊक असते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, हे पुष्कळ कुटुंबांना माहीतच नसते; त्यांना ते सांगणे हीदेखील मदत आहे. संस्थेच्या नावाने मागणी असेल तर धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक विचारावा. आणि फसवणूक झालीच असेल तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम पुढे जाण्याआधी बँकेत अडविली जाण्याची शक्यता असते.