गावात परत जायचंय? आधी पोत्यांचा हिशोब करा, मग मशीनचा

मागच्या वर्षी मे महिन्यात मी सिंधुदुर्गात होतो. कुडाळपासून बरंच आत, डोंगराच्या कुशीतली एक वाडी. पंचवीसेक घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद. गणपतीला उघडतात, शिमग्याला उघडतात, बाकी वर्षभर मुंबईत. मी ज्या घरी उतरलो होतो, तिथले दादा नोकरीला भांडुपला. पगार महिना २२ हजार, त्यातले ७ हजार खोलीचं भाडं. हातात ४ लाख साठवलेले. ठरवून आले होते, नोकरी सोडायची आणि काजूचं युनिट टाकायचं.

त्यांची आई खळ्यात रातांबे फोडत बसली होती. मला म्हणाली, "झील येतलो म्हणता. पण येवन करतलो काय, ता तुमीच सांगा."

प्रश्न एकदम बरोबर होता. आज त्याच प्रश्नावर बोलूया.

गावात काय आहे?

नाही म्हणायला खूप आहे. काजू आहे, आंबा आहे, कोकम आहे, फणस तर झाडाखाली सडतो. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही आहे, हापूसला २०१८ मध्ये मिळालं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा काजूच्या जाती दिल्या, त्यात गराचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे माल आहे, नाव आहे, मुंबईत गिऱ्हाईकही आहे.

मग अडतं कुठे? आम्ही दोघं रात्री वही घेऊन बसलो. तोच हिशोब तुम्हालाही दाखवतो. दर समजण्यापुरते धरलेत, तुमच्या भागातले दर तुम्ही घाला.

१०० किलो काजू बीचा हिशोब

बी १३० रुपये किलोने घेतली, झाले १३,००० रुपये. वाळवणं, वाफवणं, फोडणं, सोलणं, मजुरी आणि वीज मिळून किलोला ३० रुपये धरा, झाले ३,०००. मिसळ बागेतली बी असेल तर गर निघतो साधारण २४ किलो. पॅकिंग किलोला २० रुपये, झाले ४८०. एकूण खर्च १६,४८०.

आता २४ किलो गर सरासरी ८०० रुपयांनी विकला तर १९,२०० येतात. उरले २,७२० रुपये. दादा खूश!

मी म्हटलं, थांबा. ८०० ही सरासरी आहे. अख्खा गर महाग जातो, पाकळी आणि तुकडा स्वस्त. वाफ कमी-जास्त झाली, फोडणारीचा हात नवा असला की तुकडा वाढतो. सरासरी ८०० वरून ७२० वर आली तर? विक्री १७,२८०, उरले फक्त ८००. किलोमागे ८० रुपये घसरले आणि नफ्यातले ७० टक्के गेले. म्हणून सांगतो, काजूच्या धंद्यात कमाई बीच्या भावाइतकीच फोडणाऱ्या हातात असते.

खरा खड्डा पुढे आहे

काजू बी येते कधी? साधारण फेब्रुवारी ते मे. युनिट वर्षभर चालवायचं तर वर्षाचा माल याच तीन-चार महिन्यांत रोखीने भरून ठेवावा लागतो. १० टन बी म्हणजे १३ लाख रुपये. पोती गोदामात, पैसे पोत्यात.

दादांकडे ४ लाख. त्यातले ३ लाख मशीन-शेडला घालणार होते. उरलेल्या १ लाखात बी येते जेमतेम पावणेआठ क्विंटल. दिवसाला १०० किलो फोडली तर आठ दिवसांत पोती रिकामी! पुढचे अकरा महिने मशीनकडे बघत बसायचं? दादा गप्पच झाले.

मित्रांनो, मशीन विकणारा तुम्हाला हे सांगणार नाही. खेळतं भांडवल ही गोष्ट आधी लिहा.

आईचा धंदा कुणी मोजलाच नव्हता

गंमत बघा, ती माउली पाच वर्षं आगळ विकत होती आणि घरात त्याला कुणी धंदा म्हणत नव्हतं. रातांबे घरचे, मीठ विकतचं, बाटल्या गोळा केलेल्या. एका वर्षी मुंबईचं गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, फार खारट आहे." काकूंनी मीठ कमी केलं. पंधरा दिवसांत बाटल्या फसफसल्या, झाकणं उडाली, ४० बाटल्या ओतून द्याव्या लागल्या. आगळात मीठ चवीपुरतं नसतं, टिकवायला असतं. कमी खारट हवं असणाऱ्याला अमृत कोकम द्या, तिथे साखर तेच काम करते.

कोकमाची दुसरी अडचण पाऊस. फळ उशिरा पिकतं आणि जूनच्या सरीत अर्धं खाली पडतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात बहुतांश पावसाआधी हाती येते. आणि नवीन लावणार असाल तर कलमंच लावा. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. रोपं लावलीत तर सहा-सात वर्षं पाणी घालून कळतं की निम्मी झाडं फळ देणारच नाहीत!

सातबाऱ्यावर किती नावं?

शेडची जागा सामायिक. सातबाऱ्यावर १७ नावं, काही मुंबईत, काही वारलेली. बँकेने सहहिस्सेदारांची संमती मागितली. कोकणात हे घरोघरी आहे, म्हणून प्रकल्प अहवालाच्या आधी सातबारा काढा. वारस नोंदी करून घ्या. संमती मिळत नसेल तर दुसऱ्याची जागा भाडेकराराने बघा.

योजनांचंही सांगतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये केंद्राची योजना आली. त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, आणि स्वतःचे किमान १० टक्के. बचत गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल. पण अनुदान आधी हातात येत नाही, कर्जाला जोडून येतं. अर्जाआधी कृषी कार्यालयात चालू नियम विचारा. आणि अनुदान वजा करूनही धंदा चालतो का, ते वहीत बघा.

मग काय ठरलं?

दादांनी नोकरी सोडली नाही. २०० किलो घरची बी शेजारच्या गावातल्या युनिटमधून मजुरी देऊन फोडून घेतली. गर आला ४८ किलो. दिवाळीपर्यंत भांडुपच्या दोन सोसायट्यांत आणि कामावर ४१ किलो विकला. ७ किलो मऊ पडला, कारण पिशव्यांचं सील नीट नव्हतं. नुकसान झालं, पण मशीनच्या मानाने फारच स्वस्तात शिकले. काकूंनी आगळाचं प्रशिक्षण घेतलं, अन्न सुरक्षेची नोंदणी केली, आता बाटलीवर तारीख असते.

घर अजून पूर्ण उघडलेलं नाही. पण या वर्षी दादांनी चार महिन्यांची बिनपगारी रजा मागितली आहे, फक्त हंगामापुरती.

तुमचा गृहपाठ: गावातला एकच माल निवडा. तो किती महिने मिळतो, वर्षाचा साठा करायला किती रोख लागेल, आणि पहिले ५० किलो कुणाला विकणार, हे तीन आकडे आजच वहीत लिहा. तिसरा आकडा लिहिता आला नाही, तर राजीनामा लिहू नका.

भेटूया पुढच्या भागात.