डॉक्टर, किती दिवस?

कर्करोग मेंदूत पसरला असे कळले की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, किती दिवस?"

डॉक्टरांचा अंदाज हवेतला नसतो. १९९७ साली अमेरिकेत सुमारे १२०० रुग्णांची माहिती तपासून तीन गट पाडले गेले. रुग्ण स्वतःचे स्वतः करतो का, वय ६५ च्या आत आहे का, मूळ गाठ आटोक्यात आहे का, रोग आणखी कोठे पसरला आहे का, हे त्यात पाहिले. सर्वांत बऱ्या गटाचा मधला आकडा ७.१ महिने निघाला, परावलंबी रुग्णांचा २.३ महिने.

मधला आकडा म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले. आणेवारी गावाची निघते, पीक मात्र ज्याच्या त्याच्या शेताचे वेगळे!

पुढे औषधे सुधारली. २०१७ च्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात सर्वांत बऱ्या गटाचा मधला आकडा चार वर्षांच्या जवळ गेला.

म्हणून जमीन विकायला काढण्याआधी डॉक्टरांना विचारा : आमचा रुग्ण कोणत्या गटात? उपचाराने काय साधेल? त्याचा त्रास कसा कमी होईल?

आणि त्याला स्वतःला काय हवे आहे, तेही जवळ बसून विचारा.