फिरत्या कृष्णविवराचा काठ

डिसेंबर १९६३. केनेडींच्या हत्येला महिनाही उलटला नव्हता, आणि त्याच डॅलस शहरात खगोलशास्त्रज्ञ व सापेक्षतावादी यांची परिषद भरली होती. चर्चा होती नुकत्याच ओळख पटलेल्या क्वेसारांची. इतक्या दुरून इतका प्रचंड उजेड येतो, तो कशाच्या जोरावर? त्या गर्दीत रॉय केर नावाचा एकोणतीस वर्षांचा न्यूझीलंडचा गणिती दहा मिनिटे बोलला. खगोलशास्त्रज्ञांपैकी कोणी आपापसात बोलत होते, कोणी डुलक्या काढत होते. शेवटी पापापेट्रू हे ज्येष्ठ ग्रीक तज्ज्ञ उठले आणि त्यांनी मंडळींना चांगलेच खडसावले. ज्या उत्तरामागे ते स्वतः वर्षानुवर्षे लागले होते, ते या तरुणाने काढले होते. क्वेसारांचे कोडे सोडवायला जमलेल्यांना त्याची किल्ली समोर असून दिसली नाही.

न फिरणाऱ्या गोलाभोवतीचे गुरुत्व श्वार्झशिल्डने १९१६ मध्येच मांडले होते. पण विश्वात न फिरणारे आहे काय? तारे फिरतात, आणि कोसळताना तर त्यांची गिरकी वाढतच जाते. फिरत्या वस्तूसाठी आइन्स्टाइनची समीकरणे सुटायला पुढची ४७ वर्षे गेली, आणि केरचा निबंध भरला अवघा दोन पानांचा. विद्युतभार सोडला तर कृष्णविवराचे सगळे वर्णन दोनच आकड्यांत संपते, वस्तुमान आणि फिरकी, हे पुढे सिद्ध झाले. ज्या ताऱ्यापासून ते बनले त्याचा रंग, घडण, इतिहास, काहीही शिल्लक राहत नाही. खगोलभौतिकीतज्ज्ञ चंद्रशेखरांना या गोष्टीचे फार अप्रूप होते, आणि ते रास्तच म्हणायला हवे.

फिरकीने काठाचे काय होते? सूर्याइतक्या वस्तुमानाच्या, न फिरणाऱ्या कृष्णविवराचे क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परतत नाही ती सीमा, सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येचे असते. त्याला कमाल वेगाने फिरवले, तर ते दीड किलोमीटरवर येते. मात्र त्याबाहेर, विषुववृत्ताकडे फुगलेला आणि ध्रुवांशी क्षितिजाला टेकलेला, आणखी एक पट्टा तयार होतो. त्याला एर्गोस्फिअर म्हणतात. इथे अवकाशच कृष्णविवराबरोबर ओढले जाते. वाहत्या पुरात पोहणाऱ्याने कितीही हात मारले तरी काठावरचे झाड मागे पडतच जावे, तसे. यानाची इंजिने कितीही जोरदार असोत, दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात तिथे स्थिर राहता येत नाही. उलट दिशेने सोडलेला प्रकाशकिरणसुद्धा फिरकीच्या दिशेनेच खेचला जातो. पण या पट्ट्यातून बाहेर पडता येते, क्षितिजातून नाही. एके काळी एकच वाटणाऱ्या या दोन सीमा फिरत्या कृष्णविवरात वेगळ्या होतात. बंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९६८ मध्ये हा फरक काटेकोरपणे मांडला.

माझ्या मते सगळी गंमत या पट्ट्यात आहे. कृष्णविवर म्हणजे सगळे गिळणारा राक्षस, ही प्रतिमा इथे साफ खोटी ठरते. रॉजर पेनरोज यांनी १९६९ मध्ये सुचवले की एर्गोस्फिअरमध्ये एखाद्या कणाचे दोन तुकडे करावेत. एक तुकडा क्षितिजात असा पडावा की दूरच्या निरीक्षकाच्या हिशेबाने त्याची ऊर्जा ऋण असेल. मग दुसरा मूळ कणापेक्षा जास्त ऊर्जा घेऊन बाहेर येतो, आणि फरक कृष्णविवराच्या फिरकीतून वसूल होतो. किती वसूल करता येईल? प्रिन्स्टनमधल्या क्रिस्टोडूलू या कोवळ्या विद्यार्थ्याने १९७० मध्ये हिशेब केला: कमाल वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराच्या वस्तुमानापैकी जास्तीत जास्त २९ टक्के. बाकीला हात लावता येत नाही. हायड्रोजनच्या संमीलनातून ०.७ टक्के मिळते, हे लक्षात घेतले की २९ म्हणजे किती ते समजते.

पण मेख अशी होती की तुकडे एकमेकांपासून प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने उडायला हवेत, आणि निसर्गात असे सहजी घडत नाही. कल्पना बारगळली. तिच्यात पुन्हा जीव ओतला तो पुण्यात. संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच यांनी १९८५ मध्ये दाखवले की भोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र असेल तर वेगाची ही अट उरत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पार्थसारथी यांच्यासह काढलेल्या निष्कर्षानुसार कार्यक्षमता, म्हणजे आत सोडलेल्या कणाच्या ऊर्जेच्या तुलनेत मिळणारी जादा ऊर्जा, १०० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. मराठी वाचकाला कृष्णविवर भेटले ते नारळीकरांच्या १९७४ च्या बक्षीसपात्र कथेत. त्यावर पुण्यात असे मूलभूत कामही झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

फिरकीची ही ऊर्जा चुंबकीय क्षेत्रांमार्फत खेचली जाते, असा ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांचा सिद्धांत १९७७ चा. एम ८७ दीर्घिकेतून निघणारा झोत १९१८ मध्येच दिसला होता. तो याच रीतीने चालतो असे मानले जाते. त्याच्या मुळाशी साडेसहा अब्ज सूर्यांइतके कृष्णविवर आहे, ज्याची प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिली.

क्षितिजाचे क्षेत्रफळ कधीही घटत नाही, असे हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले. फिरकी काढून घेतली तरी क्षेत्रफळ कमी होत नाही, उलटपक्षी वाढते. हे तपासायचे कसे? विश्वेश्वरांनीच १९७० मध्ये गणिताने दाखवले होते की धक्का बसलेले कृष्णविवर ठरावीक स्वरात घुमते आणि झपाट्याने शांत होते. त्या स्वरातून वस्तुमान आणि फिरकी, आणि त्यांवरून क्षेत्रफळ काढता येते. १४ जानेवारी २०२५ रोजी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या दोन्ही वेधशाळांनी आजवरचा सर्वांत ठसठशीत संकेत टिपला. सूर्याच्या साधारण ३२ आणि ३४ पट वस्तुमानांची दोन कृष्णविवरे एक झाली होती. आधीच्या दोन क्षितिजांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर, नव्याचे सुमारे ४,००,०००. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ आहे. म्हणजे दोन मिळून राज्याहून लहान, आणि एकत्र आल्यावर राज्याहून मोठे. एवढा पसारा सेकंदाला सुमारे शंभर गिरक्या घेतो. हॉकिंग यांचे प्रमेय या कसोटीला पुरेपूर उतरले.

क्षितिजाच्या आत मात्र वाद आहे. केरच्या उत्तरात आत दुसरे क्षितिज आणि कड्याच्या आकाराची सिंग्युलॅरिटी, म्हणजे समीकरणे जिथे कोलमडतात ती जागा, निघते, पण ते आतले क्षितिज अस्थिर असल्याचे १९९० च्या पॉइसन व इस्रायल यांच्या कामानंतर बहुतेक तज्ज्ञ मानतात. नव्वदीला टेकलेल्या केर यांनी २०२३ मध्ये तर फिरत्या कृष्णविवरात सिंग्युलॅरिटी असायलाच हवी, हे कोणी सिद्ध केलेले नाही, असा लेखच लिहिला. आतले तपासायला कोणताही मार्ग नाही, त्यामुळे हा वाद गणिताच्याच मैदानात लढवला जाईल.

बाहेरची मोजणी मात्र आणखी अचूक होईल. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार असून केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत. नागनाथाच्या दर्शनाला मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी, जवळच्या माळावर चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा कशासाठी येणार आहेत, हेही त्यांना जरूर सांगावे.