गोणपाटाखाली

गोगलगायीसाठी सापळा करायचा, तर ती दिवसा कुठे दडते हे आधी शोधावं लागतं. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने हे काम हाती घेतलं, तेव्हा सुरुवातीला तिने एकही सापळा मांडला नाही. रात्री टॉर्च घेऊन ती कंपाउंडच्या भिंतीलगत फिरायची आणि उजाडलं की त्याच जागा पुन्हा तपासायची. मीही तिच्याबरोबर जाऊ लागले. कुंड्यांच्या बुडाशी, पावसाळी गटाराच्या झाकणाखाली, कर्दळीच्या बुंध्यात, दुरुस्तीनंतर कोपऱ्यात पडून राहिलेल्या डेब्रिजच्या फटींत शंखच शंख. भिंतीच्या पायथ्याचा चुना जागोजागी खरवडलेला दिसला. शंख वाढवायला गोगलगायींना कॅल्शियम लागतं आणि शहरात ते भिंतींवर आयतं मिळतं.

ही मूळची पूर्व आफ्रिकेतली मोठी शंखी गोगलगाय. विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी 1847 मध्ये कोलकात्यातल्या एका बागेत सुटल्या आणि तिथून ती देशभर पसरत गेली. एकाच शरीरात नर आणि मादी दोन्ही असतात. एका वेळी शंभराहून जास्त अंडी, आणि तीही वर्षातून अनेकदा. 2022 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, हे अनेकांना आठवत असेल. शेतकऱ्यांना तेव्हा सांगितलेला उपाय साधा आहे: गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी बांधालगत टाकायचं, आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. जोडीला मेटाल्डिहाइड या गोगलगायनाशकाच्या गोळ्या.

शेतातला हा उपाय सोसायटीत जशाच्या तसा चालत नाही. मेटाल्डिहाइड कुत्र्या-मांजरांना घातक असतं आणि आमच्या आवारात दोन्ही मोकळी फिरतात, मुलं खेळतात. त्यामुळे गोळ्यांचा विचार तिथेच संपला. मीठ सरसकट टाकलं तर झाडंच जातात.

मग आमिष कशाचं ठेवायचं? मला सगळ्यात मोलाचा वाटला तो याच प्रश्नावरचा तिचा विचार. पिकलेल्या पपईच्या साली या गोगलगायींना दुरून ओढून आणतात. तिने उलट्या कुंड्यांखाली ओलं गोणपाट अंथरून त्यावर साली ठेवल्या. सकाळी गोगलगायी होत्याच, पण सालींवर दातांच्या खुणा आणि बाजूला उंदरांच्या लेंड्याही होत्या. तिने आमिष तत्काळ बंद केलं. या गोगलगायींच्या अंगात ज्या सूक्ष्म कृमीच्या अळ्या वाढतात, तो कृमी पूर्ण वाढल्यावर उंदराच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत राहतो. उंदराच्या विष्ठेतून अळ्या बाहेर पडतात, गोगलगाय ती विष्ठा खाते, आणि गोगलगायीला उंदराने खाल्लं की चक्र पुरं होतं. माणसाच्या पोटात त्या अळ्या गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणूनच हातमोज्यांशिवाय शंखाला हात लावायचा नाही, हा तिचा नियम लहानथोर सगळ्यांना होता. अशा वेळी सापळाच उंदीर आणि गोगलगाय यांना एका छपराखाली आणत असेल, तर त्यात कितीही शंख सापडले तरी तो शहराच्या कामाचा नाही.

हवाईत संशोधकांनी पपईच्या गंधातली रसायनं ओळखून कृत्रिम आमिष तयार केलं आहे. त्यात वास असतो, खाणं नसतं. ते आमच्या हाती नव्हतं. तिने साली बारीक जाळीच्या लोखंडी डबीत बंद केल्या, डबी कुंडीच्या आतून वर टांगली आणि रोज सकाळी काढून नेली. उंदरांचा माग त्यानंतर कमी झाला.

आता चाचणी. एका बाजूला डबीवाला सापळा, एका बाजूला नुसतं ओलं गोणपाट, तिसरीकडे रिकामी कोरडी कुंडी. रोज त्यांच्या जागा आपसांत बदलायच्या, कारण गटाराजवळ काहीही ठेवलं तरी तिथे गोगलगायी जास्तच येणार. जागा फिरवल्यावर जे दिसलं ते मला अनपेक्षित होतं. नुसतं ओलं गोणपाटही बऱ्यापैकी भरत होतं. डबीने भर पडली खरी, पण निम्मं काम ओलाव्याने आणि अंधाराने केलं होतं. मुसळधार रात्री मात्र सगळेच सापळे जवळपास रिकामे. सगळी जमीनच ओली असेल तर गोगलगायीने गोणपाट का शोधावं? दोन सरींमधल्या उघडिपीत ते भरत. त्यामुळे मेहनत केव्हा करायची, हे हवामान बघून ठरू लागलं.

गोणपाट उचललं की आधी बेडूक, सापसुरळ्या, वाणी बाहेर काढायचे, स्थानिक जातींच्या छोट्या गोगलगायी ओळखून वेगळ्या ठेवायच्या. हे ती घाई न करता करायची. कमिटीच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं, गोगलगायी खाणारं एखादं जनावरच सोडा. तेव्हा तिने हवाई आणि मूरेआची हकीकत सांगितली. याच आफ्रिकन गोगलगायीच्या बंदोबस्तासाठी 1955 मध्ये हवाईत आणि 1977 मध्ये मूरेआ बेटावर एक शिकारी गोगलगाय सोडली गेली. तिने तिथल्या स्थानिक झाडगोगलगायींचा फडशा पाडला. मूरेआवरच्या काही जाती निसर्गातून नाहीशा झाल्या. बैठकीत पुन्हा तो विषय निघाला नाही.

सापळ्यात किती आल्या यापेक्षा किती निसटल्या, हे कळणं अवघड. त्यासाठी तिने चारी बाजूंनी बंद असलेल्या एका वाफ्यात काही शंखांवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ते परत सोडले आणि त्यांतले किती पुन्हा सापळ्यात येतात ते पाहिलं. मोठ्या गोगलगायी येत. बोटाच्या पेराएवढी पिल्लं जवळजवळ नाहीतच. “ताई, पिल्लं मातीत आहेत,” माळीकाका म्हणाले आणि त्यांनी नर्सरीतून नुकतीच आलेली एक कुंडी पालथी केली. मुळांच्या गुंत्यात मोहरीहून मोठी, फिकट पिवळी अंडी चिकटून होती.

मायामीत 2011 मध्ये ही गोगलगाय सापडल्यावर तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर व्हायला 2021 उजाडलं; तोवर दीड लाखाहून जास्त गोगलगायी गोळा झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी फ्लोरिडात दुसऱ्या एका भागात ती पुन्हा आढळली. सापळा एकदा मांडून उचलून ठेवायची वस्तू नाही, हे आमच्या कमिटीलाही पटलं. आता दोन सापळे गेटपाशी, नर्सरीच्या कुंड्या उतरतात तिथे कायम राहणार आहेत. नवीन कुंडीची माती बाहेरच झाडून तपासली जाते. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर सापळे मांडू द्यावेत, असं पत्रही मालकाकडे गेलं आहे.