लोखंडाला वळण लावणारी वाळू

बीड जिल्ह्याच्या शेतीत आणि साखर उद्योगात ओतीव लोखंडाला पर्याय नाही. विहिरीवरच्या पंपाचे केसिंग, जुन्या लोखंडी नांगराचा फाळ आणि तेलगाव, गढी किंवा अंबासाखर येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्यांच्या मिलमधील अवजड रोलर या तिन्ही वस्तू वितळलेले लोखंड साच्यात ओतून घडवल्या जातात, म्हणजे व्यवहारात ज्याला बिडाचे काम म्हणतात त्यातच त्या मोडतात. तरीही त्यांच्याकडून होणाऱ्या अपेक्षा परस्परांपासून फार दूरच्या आहेत. पंपाच्या केसिंगची भिंत पातळ आणि आतून वळणदार हवी, फाळाचे टोक मातीत झिजू नये इतके कठीण हवे, आणि रोलरचा पृष्ठभाग ऊस पकडता येईल असा खरबरीत हवा. हा फरक काही अंशी धातूच्या मिश्रणाने साधतो, परंतु त्याचा फार मोठा भाग साच्यात ठरतो. साचा आकार देतो एवढेच त्याच्याविषयी सहसा सांगितले जाते. धातूचा स्वभावही तोच घडवतो, हे फौंड्रीबाहेर, म्हणजे ओतशाळेबाहेर, क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

बीड जिल्ह्यात ओतकामाचा मोठा समूह नाही. मराठी मुलखात या उद्योगाची मुळे दक्षिणेकडे रुजली आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला आणि 1910 साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा नांगराचे भाग ओतणे हे त्या कारखान्याचे मुख्य काम होते. पुढे कोल्हापुरात ऑइल इंजिनाच्या निर्मितीने जोर धरला आणि उद्यमनगर, शिरोली व गोकुळ शिरगाव येथे एकामागून एक फौंड्र्या उभ्या राहिल्या. आज या समूहातील फौंड्र्यांची संख्या सुमारे तीनशे सांगितली जाते आणि त्यांच्या कामाचा मोठा हिस्सा वाहन उद्योगासाठी असतो. ओतकामाचा इतिहास अर्थातच याहून जुना आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान ही सुमारे 55 टनांची तोफ 1549 साली बीडच्या शेजारच्या अहमदनगरात ओतली गेली आणि तेथून ती परंड्याच्या किल्ल्यात, मग विजापुरात गेली. मात्र ती पंचरसी धातूची, एकेका वस्तूसाठी जन्म घेणाऱ्या साच्यांच्या काळातील वस्तू होती. एकच वस्तू हजारो वेळा ओतायची तर साचा स्वस्त, झटपट आणि मोडून टाकता येण्याजोगा हवा. इंग्लंडात अब्राहम डार्बी याने लोखंडी भांडी केवळ वाळूच्या साच्यात ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट 1707 साली घेतले, तेथून या दिशेला औद्योगिक वळण मिळाले.

साच्याची वाळू कोणत्याही नदीपात्रातून उचलून चालत नाही, आणि बीडच्या भूगोलावरून हे सहज स्पष्ट होते. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, आतून सिंदफणा आणि मांजरा वाहतात, आणि या नद्यांची वाळू बांधकामाला एवढी मोलाची की तिच्या उपशावरून वाद होत राहतात. तथापि ही वाळू मुख्यतः दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकाची झीज आहे आणि तिच्यात चुनखडीचे कणही मिसळलेले असतात. बसाल्ट साधारण 1100 ते 1250 अंश सेल्सिअसला वितळू लागतो, तर फौंड्रीतील लोखंड 1350 ते 1400 अंशांना ओतले जाते, म्हणजे असा साचा धातूशी भिडताच स्वतःच मऊ होऊन त्याला चिकटेल. चुनखडीचे कण उष्णतेने फुटून कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात आणि तो धातूत अडकून पोकळ्या निर्माण होतात. याउलट शुद्ध सिलिका, म्हणजे गारगोटीच्या जातीची वाळू, 1700 अंशांच्या आसपास वितळते. म्हणून महाराष्ट्रातील फौंड्र्या सिंधुदुर्गातील कासार्डे परिसरातील सिलिका वाळू वापरतात, तिला बांधण्यासाठी कच्छमधील बेंटोनाइट नावाची फुगीर चिकणमाती आणतात. घर बांधणारी वाळू आणि लोखंड सांभाळणारी वाळू या दोन वेगळ्या जाती आहेत.

सर्वात प्रचलित मिश्रण म्हणजे ग्रीन सँड. येथे ‘ग्रीन’ म्हणजे न भाजलेली, ओलसर. रंगाने ती वापरून वापरून काळीच झालेली असते. वाळूत साधारण 6 ते 10 टक्के बेंटोनाइट, 3 ते 4 टक्के पाणी आणि थोडी कोळशाची भुकटी मिसळतात. कोळशाची भुकटी धातूच्या उष्णतेने जळताना वाळू आणि लोखंड यांच्यामध्ये वायूचा व काजळीचा पातळ पडदा धरते, त्यामुळे कास्टिंगचा, म्हणजे ओतून तयार झालेल्या वस्तूचा, पृष्ठभाग स्वच्छ सुटतो. पाण्याचे प्रमाण हा या मिश्रणाचा सर्वात नाजूक घटक आहे, कारण पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे सतराशे पट वाढते. पाणी जास्त झाले तर वाफ धातूत शिरते, कमी झाले तर चिकणमाती जागी होत नाही आणि साच्याच्या कडा ढासळतात. जुना मोल्डर, म्हणजे साचा भरणारा कारागीर, मूठभर वाळू दाबून तिचा गोळा मधोमध मोडतो. मोडलेल्या कडा धारदार राहिल्या, बोटांचे ठसे उमटले आणि हात कोरडा राहिला, तर वाळू बरोबर जमली असे तो ठरवतो. प्रयोगशाळेतील यंत्र याच गोष्टींना ताकद, दबण्याची क्षमता आणि वायुपारगम्यता अशी नावे देऊन आकड्यांत मांडते. या चाचण्या परस्परविरोधी गुणांची मोजदाद करतात: साचा धातूचे वजन सोसण्याइतका घट्ट हवा, पण वायू बाहेर पडू देण्याइतका सच्छिद्र हवा, आणि काम संपताच सहज फुटणारा हवा. या तिन्हींत तडजोड साधणे हाच साचेकारीचा गाभा आहे, आणि त्यात कोणताही एक गुण कमाल ठेवून चालत नाही.

साचा भरताना प्रथम पॅटर्न लागतो. पॅटर्न म्हणजे वस्तूची लाकडी, अ‍ॅल्युमिनियमची किंवा राळेची प्रतिकृती, परंतु ती हुबेहूब नसते. करडे ओतीव लोखंड गोठून थंड होताना साधारण एक टक्का आकसते आणि पोलाद दोन टक्के, तेवढा पॅटर्न मोठा ठेवावा लागतो. शिवाय तो वाळूतून ओढून काढताना कड मोडू नये म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो. साच्याची पेटी दोन भागांची असते, खालच्या बॉक्सला ड्रॅग आणि वरच्याला कोप म्हणतात. पॅटर्न फळीवर ठेवून त्याभोवती खालचा बॉक्स मांडला, की पॅटर्नवर आधी बारीक चाळलेली वाळू बोटांनी बसवली जाते, मग वरून ढिगाची वाळू टाकून ठोकणीने, कडेकडून मध्याकडे, थराथराने ठोकली जाते. ठोकणीचा जोर एकसारखा नसतो. पॅटर्नच्या थेट वर जास्त ठोकले तर वायू अडतो, बॉक्सच्या कडांना कमी ठोकले तर उलटताना वाळू गळते. बॉक्स उलटून वरचा भाग बसवण्यापूर्वी दोन्ही वाळू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून सांध्यावर कोरडी भुकटी शिंपतात, ओतण्याच्या वाटेसाठी खुंटी उभी ठेवतात, आणि भरून झाल्यावर टोकदार तारेने वरून भोके पाडून वायूला निसटण्याचे मार्ग देतात. त्यानंतर बॉक्स वेगळे करून पॅटर्न हलके ठोठावून सैल केला जातो आणि सरळ वर उचलला जातो; हा एक क्षण बिघडला तर आधीची सारी मेहनत वाया जाते, म्हणून जुन्या फौंड्रीत नवशिक्याला पॅटर्न उचलण्याचे काम लगेच मिळत नाही.

पंपाच्या केसिंगसारख्या पोकळ वस्तूसाठी पॅटर्न पुरत नाही, कारण आतली पोकळीही साच्यानेच राखावी लागते. हे काम कोअर करतो. कोअर म्हणजे पोकळीच्या आकाराचा वाळूचा कठीण ठोकळा, जो वेगळ्या पेटीत तयार करून साच्यात बसवला जातो आणि पॅटर्नने सोडलेल्या खाचांत टेकून राहतो. त्याला चारही बाजूंनी धातू वेढतो, म्हणून त्याला ग्रीन सँडपेक्षा जास्त बळकट बंध लागतो: सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूतून कार्बन डायऑक्साइड वायू सोडल्यास ती काही सेकंदांत घट्ट होते, आणि अलीकडे राळेचे थर दिलेली वाळू तापलेल्या पेटीत फुंकून बारीक कोअर करण्याची रीत सर्वत्र रूढ झाली आहे. वितळलेल्या लोखंडाची घनता वाळूच्या चौपट असल्यामुळे कोअर त्यात तरंगू पाहतो आणि त्याला वर ढकलणारे बल त्याच्या स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त असते. नीट न बसलेला कोअर सरकला की पंपाची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी होते. हाच हिशेब वरच्या बॉक्सलाही लागू पडतो. साच्याचे आडवे क्षेत्रफळ एक चौरस मीटर असेल आणि ओतण्याच्या वाटेत धातूची उंची 20 सेंटिमीटर असेल, तर वरच्या भागाला उचलणारा दाब जवळजवळ 1400 किलोंचा होतो, म्हणून साच्यावर लोखंडी वजने ठेवतात किंवा बॉक्स पक्के आवळून टाकतात. ही खबरदारी राहून गेली तर सांध्यातून धातू बाहेर पळतो, आणि फौंड्रीतील गंभीर भाजण्याचे एक कारण हेच आहे.

धातूचा स्वभाव मात्र साच्यात थंड होण्याच्या वेगाने ठरतो. सावकाश थंड झालेल्या लोखंडातला कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो आणि करडे, कातण्याला सोपे, काहीसे ठिसूळ लोखंड मिळते. झपाट्याने थंड केलेल्या लोखंडात कार्बन लोखंडाशी जखडून राहतो आणि पांढरे, काचेसारखे कठीण लोखंड तयार होते. नांगराच्या फाळासाठी या दुसऱ्या गुणाचा उपयोग करून घेतला गेला. वाळूच्या साच्यात टोकाच्या बाजूला लोखंडी ठोकळा, ज्याला चिल म्हणतात, ठेवला की तेथे धातू तत्काळ गोठून कठीण होतो आणि उरलेला भाग वाळूत हळू थंड होऊन मऊ राहतो. बीडच्या भारी काळ्या मातीत घासत जाणाऱ्या फाळाला नेमके हेच हवे असते.

साखर कारखान्याचा रोलर याच्या अगदी विरुद्ध मागणी करतो. उसाच्या मिलचा रोलर म्हणजे घडवलेल्या पोलादी शाफ्टवर तापवून बसवलेले ओतीव लोखंडाचे जाड कवच. 850 मिलिमीटर व्यासाच्या आणि 1700 मिलिमीटर लांबीच्या रोलरचे कवच पाच टनांच्या घरात जाते. ते गुळगुळीत झाले तर दोन रोलरांत ऊस धरला जात नाही, म्हणून त्याचा कणीदारपणा मुद्दाम राखला जातो. तो जाड भिंतीच्या वाळूच्या साच्यात सावकाश गोठण्यातूनच येतो. अशा मोठ्या कामासाठी साचा जमिनीतील खड्ड्यात बांधून नीट वाळवण्याची जुनी रीत आहे, कारण एवढ्या धातूखाली ओलसर वाळूतली वाफ धोक्याची ठरते. कवच साच्यातच बराच काळ राहू दिले जाते. उतावीळपणे बाहेर काढल्यास बाहेरचा भाग आकसतो, आतला तापलेलाच राहतो आणि भिंतीला तडा जातो. गाळप हंगामात हे कवच झिजते, त्याची खाच-रचना पुन्हा कातली जाते, आणि हंगाम संपल्यावरच्या दुरुस्तीत ते बदलले जाते. जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, आणि त्याच भागातल्या फौंड्र्यांत तयार झालेले ओतकाम त्यांच्या गावाकडच्या शेतात परत येते, असा हा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे.

हाताने साचा भरण्याचे काम मोठ्या फौंड्र्यांत आता थोडेच उरले आहे. अर्पा नावाने ओळखली जाणारी यंत्रे बॉक्स हिसक्यांनी झटकून आणि वरून दाबून वाळू बसवतात, आणि त्यांच्या आवाजाने शेजारच्या माणसाशीही मोठ्याने बोलावे लागते. डेन्मार्कमध्ये विकसित झालेली डिसामॅटिक पद्धत त्याही पुढे गेली: तीत बॉक्सच नसतो, वाळूच्या उभ्या ठोकळ्यांची रांग यंत्र स्वतःच पुढे ढकलत जाते आणि दोन ठोकळ्यांमधल्या पोकळीत धातू ओतला जातो, त्यामुळे एका तासात शेकडो साचे होतात. मात्र जेथे सुट्या भागांचे थोडेच नग हवे असतात, तेथे यंत्र परवडत नाही. जुन्या पंपाचा एकच बदली इंपेलर, म्हणजे आतले फिरते चाक, ओतून द्यायचा तर हाताची ठोकणी आणि लाकडी पॅटर्नच कामाला येतो.

ओतून झाल्यावर साचा फोडला जातो, आणि येथे या कामाची कमी सांगितली जाणारी बाजू सुरू होते. वाळूचा पुष्कळ भाग पुन्हा चाळून, गार करून, पाणी व बेंटोनाइट घालून वापरात येतो, परंतु प्रत्येक फेरीत काही कण तडकून बारीक होतात, काही राळ व जळलेली माती त्यांना चिकटून राहते, आणि तेवढी वाळू बाहेर काढून टाकावी लागते. ही काळी वाळू कुठे टाकायची, हा फौंड्री-समूहांपुढचा कायमचा प्रश्न आहे. वाळू उष्णतेने किंवा घर्षणाने स्वच्छ करून परत वापरण्याची केंद्रे हा त्यावरचा एक उपाय आहे, तर पेव्हर ब्लॉकसारख्या बांधकाम साहित्यात ती मिसळणे हा दुसरा. अधिक चिंतेची गोष्ट म्हणजे साचा फोडताना आणि कास्टिंग झटकताना उडणारी धूळ. डोळ्यांना न दिसणारे सिलिकाचे बारीक कण फुफ्फुसात खोल जाऊन बसतात आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो; कारखाने अधिनियम 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत तो अधिसूचित व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला होता. ओलसर वाळू धुळीपासून काही अंशी संरक्षण देते, पण तापलेला साचा फुटताना ती कोरडी झालेली असते, म्हणून धूळ ओढून घेणारी यंत्रणा, कणरोधक मुखपट्टी आणि कामगारांच्या छातीची नियमित तपासणी या तिन्हींची जागा एक रुमाल घेऊ शकत नाही.