तुटलेली झडप चालत राहते तेव्हा

हृदयात बसवलेली यांत्रिक झडप मोडली, तर ते निदान इकोत तरी दिसेल, असे कोणालाही वाटेल. ब्यॉर्क-शायली कॉन्व्हेक्सो-कॉन्केव्ह झडपेने हा समज खोटा ठरवला.

स्वीडनचे शल्यविशारद विकिंग ब्यॉर्क आणि कॅलिफोर्नियातले अभियंते डोनाल्ड शायली यांची ही झडप 1979 ते 1986 या काळात जगभर सुमारे 86,000 रुग्णांना बसवली गेली. धातूचे कडे, आत कार्बनची तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी सावरणाऱ्या दोन कमानी. एक कमान कड्याच्याच धातूतून घडवलेली. दुसरीचे दोन पाय कड्याला वेल्डिंगने जोडलेले. घात केला तो या दुसरीने. मिटताना तबकडी जरा जास्त फिरे आणि कमानीच्या टोकावर आदळे. हृदयाचे दिवसाला लाखभर ठोके. धातू शिणत जाई आणि एक दिवस कमानीचा एक पाय तुटे.

आणि काहीच होत नसे! उरलेल्या एका पायावर कमान तबकडीला धरून राही. इको स्वच्छ, झडपेची टिकटिक पूर्वीसारखीच, रुग्ण कामावर जातोय. पुढे केव्हातरी दुसरा पाय तुटला की तबकडी निसटून धमनीत वाहत जाई आणि फुप्फुसांत पाणी भरे. अशा सहाशेहून अधिक घटनांची नोंद आहे. त्यातले सुमारे दोनतृतीयांश रुग्ण दगावले. या टप्प्यावर निदान सोपे असते: टिकटिक थांबलेली, एक्स-रेत कडे रिकामे. पण हाती वेळ उरलेला नसतो.

निदान व्हायला हवे ते या दोन तुटण्यांच्या मधल्या काळात. त्यासाठी झडपेचे काम तपासून भागत नाही, तिचा धातूच पाहावा लागतो. मिशिगनमधल्या डॉक्टरांनी एक्स-रेचा कोन असा साधला की कमानीचा पाय कड्याआड लपू नये. मग धडधडत्या हृदयाचे मोठे केलेले चित्रण एकेक चौकट थांबवून तपासायचे आणि केसाएवढी फट शोधायची. तीही नजरेतून निसटे. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी झडपेच्या आवाजात तुटीची खूण शोधून पाहिली; पण छातीतून बाहेर येईतो आवाज पार बदलून जातो.

या साऱ्यात मला सर्वांत अवघड वाटतो तो रुग्णापुढचा निर्णय: झडप बदलायची की नाही. फट दिसली नाही, तरी झडपेचा आकार मोठा, तबकडी 70 अंशांपर्यंत उघडणारी आणि रुग्ण तरुण असेल, तर धोका जास्त. पण ठणठणीत माणसाची छाती पुन्हा उघडणे हाही धोकाच.

आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली झडप 1990 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. तिची चौकट धातूच्या एकाच ठोकळ्यातून कोरतात. वेल्डिंगचा जोड तिच्यात नाही.

आजच्या यांत्रिक झडपा सहसा मोडत नाहीत. त्या अडतात मुख्यतः रक्ताच्या गुठळीने. तरीही झडप बसवलेल्या प्रत्येकाने तिचा प्रकार आणि क्रमांक लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे. ओळखीची टिकटिक मंदावली, थांबली किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.